वीराच्या हाती फावडे

सोलापुरात युद्धस्मारक मंडळीने जो दगडी स्तंभ उभारला आहे, त्याच्या सभोवार मोठ्या लढाईत कामी आलेल्या आपल्या मुलुखातील पुरुषांचे दगड ओळीने बसविलेले आहेत. त्या ओळीत माझे वडीलबंधू ज्ञानबा यांचा दगड नाही. कोणी म्हणतो, आम्ही तो वेळेवर नेला नाही. कोणी म्हणतो, आमच्या वहिनीने भर सभेत आरडाओरड करून गोऱ्या साहेबाचा अवमान केला. या दोन्ही गोष्टी असत्य आहेत. मी येडबा, गिरणीच्या बायलरखात्यात कोळसा ओढणारा मनुष्य असून माझे शिक्षण मराठी चौथीपुढे गेले नाही. तथापि जे प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिले ते लिहिण्यास चौथी पुरे होते, असे समजून मी ही हकीकत लिहावयास बसलो आहे.

आम्ही होटगीकडचे धनगर. आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या कोणी कंबरभर पाण्यातदेखील उतरले नव्हते. परंतु एका अवर्षणाच्या साली रोगाने आमची सारी मेंढरे दगावली, आणि दादा पोटासाठी मुंबईस गेले. तेथे गोदीत कोळशाच्या पाट्या वाहता वाहता ते आगबोटीवर कोळसेवाले (गोरे लोक ज्यांस फायरमन म्हणतात ते) म्हणून चढले. आगबोटीच्या तळाशी राहून रात्रंदिवस भट्टीच्या तोंडात फावड्याने कोळसा टाकावयाचा, हे त्यांचे काम. ती बोट व्यापारी मालाची होती. लढाई ऐन भरात असता ती विलायतेस गहू घेऊन चालली होती, आणि वाटेत जर्मनांच्या पाणबुडीने तिचा तळ फोडला.

ही वार्ता आम्हांस सरकारने कळविली नाही. ती सांगितली हुसेनसाबांनी. हे सोलापूरचेच राहणारे. त्याच बोटीवर वरच्या मजल्यावर खलाशी होते, आणि होडीत बसून वाचले होते. आमच्या ओसरीवर बसून, डोक्यावरचा रुमाल गुडघ्यावर ठेवून ते म्हणाले, "भाबी, पानी उप्पर से नै आया, नीचे से आया. हमें होडी में उतरे. उनो भट्टी के सामने था, उसकी पाळी थी. सीडीच नै रही, तो आता कैसा?"

वहिनीने विचारले, "हातात काय हुतं त्यांच्या?"

हुसेनसाब गोंधळले. "हात में? फावडा. और क्या रैता?"

हा प्रश्न तिने का विचारला, हे परक्यास समजणार नाही, म्हणून आमच्या भावकीची रीत येथे सांगणे अवश्य आहे. झुंजीत पडलेल्या पुरुषाचा आम्ही दगड घडवितो. खालच्या चौकटीत तो कसा पडला ते कोरतात. मधल्या चौकटीत स्वर्गीच्या स्त्रिया त्यास उचलून नेत असतात. वरच्या चौकटीत तो महादेवापुढे बसलेला असतो, आणि माथ्यावर चंद्रसूर्य. दगड उभा करण्याच्या दिवशी घरातील माणसाने त्यास नावानिशी हाक घालावयाची, पडतेवेळी हातात काय होते ते मोठ्याने सांगावयाचे, आणि 'ये, बस' म्हणावयाचे. मग भावकीपैकी कोणी 'आला' असे उत्तर दिले म्हणजे तो आला. ज्याचे प्रेत सापडले नाही त्याचे तर तेच उत्तरकार्य. तोवर तो मेलेल्यांत नाही आणि जित्यांतही नाही.

मायाक्कावहिनी अशा रीतीने कित्येक वर्षे अधांतरी राहिली. कुंकू लावावे तर बायका एकमेकींस कोपराने ढोसत, न लावावे तर आमची आई राजाबाई छाती बडवून घेई. लग्नकार्यात ओटी भरण्याच्या वेळी वहिनी दारापाशी दिसली की यजमानीण हातातले तांदूळ तसेच धरून उभी राही. एकदा पाणवठ्यावर निंगव्वा नावाच्या शेजारणीने सर्वांदेखत म्हटले, "मायाक्काचं कपाळ म्हंजे सरकारी जागा बघा. कुणाचीच न्हाय!" सगळ्या हसल्या. वहिनीने घागर उचलली आणि ती घरी आली. त्या दिवशी ती जेवली नाही.

भावकीचे मुख्य आमचे चुलते आण्णा. दगडाची गोष्ट काढली की ते मान हलवीत. "ज्ञानबा माजा पुतण्या हाय, मला काय दुक न्हाय व्हय? पर वीर म्हंजे हातात हत्यार पायजे. पाण्यात बुडालेल्याचा दगड आपल्यात कुणी केला न्हाय. मी केला तर उद्या लोक मला इचारतील."

अशा स्थितीत मंडळीची दवंडी आली की, लढाईत जे जे कामी आले, त्यांच्या घरच्यांनी आपापल्या रीतीप्रमाणे दगड घडवून आणावा. मंडळी तो स्तंभाभोवती बसवून देईल. ते ऐकून आण्णा म्हणाले, "मंडळीनं घेतला तर आमीबी घेतू. मग कोण काय बोलंल?" वहिनीच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे तेज आले, ते मी विसरणार नाही.

दगड घडविण्याचे काम आम्ही शिवप्पा पाथरवटास दिले. हा मनुष्य अक्कलकोटाकडचा, अर्धे कानडी आणि अर्धे मराठी बोलणारा, व थट्टेखोर. आगबोटीचे फावडे कसे असते हे त्यास दाखविण्यासाठी मी बायलरखात्यातील फावडे मागून नेले. हुसेनसाबांनी जमिनीवर कोळशाने भट्टीचे तोंड काढून दाखविले. वहिनी रोज दुपारी भाकरी बांधून तेथे जाऊन बसे. खालच्या चौकटीत दादा भट्टीसमोर उभे, फावडे उगारलेले, गुडघ्यापर्यंत पाणी चढलेले, असे शिवप्पाने कोरले. मधल्या चौकटीतील स्त्रिया कोरताना तो छिन्नी थांबवून म्हणाला, "अक्का, ह्या बायका लई नटलेल्या हायत. तुमच्या मालकाला उचलून नेताना ह्यांच्या लुगड्यांस्नी काजळी लागंल की!"

"लागू द्या," वहिनी म्हणाली. "मी धुतल्यात तसली धोतरं. त्यांनाबी कळू द्या." आणि ती हसली.

काम पुरे होत आले तेव्हा मंडळीचे अध्यक्ष हिंदुराव जमादार दगडांची पाहणी करण्यासाठी शिवप्पाच्या कारखान्यात आले. हे पलटणीतून पेन्शन घेऊन आलेले, छातीवर बिल्ले लावूनच बाहेर पडणारे गृहस्थ. त्यांच्याबरोबर मंडळीचे खजिनदार पंचाक्षरी कापडवाले होते. इतर दगडांवरील तलवारी व बंदुका पाहून जमादारसाहेबांनी समाधान व्यक्त केले. आमच्या दगडापुढे ते थबकले.

"हे काय? शेतकरी आहे का हा?"

मी पुढे होऊन सर्व हकीकत सांगितली.

"अरे येडबा," ते हसून म्हणाले, "हे लढाईचं स्मारक आहे. बोटीवर काम करत होता, पगार घेत होता, बोट बुडाली, मेला. वाईट झालं. पण विहिरीत पडूनसुद्धा माणसं मरतात. त्यांचे दगड बसवू का मी चौकात?"

"विहिरीवर जर्मन तोफा डागत न्हाईत, साहेब."

"तोंड सांभाळून बोल. त्याच्या हातात हत्यार होतं का? त्यानं एक तरी शत्रू मारला का?"

पंचाक्षरी मधे पडले. ते व्यवहारी मनुष्य. चष्मा पुसून त्यांनी दगड नीट न्याहाळला आणि म्हणाले, "जमादार, एवढं कशाला ताणायचं? फावड्याचा दांडा तर आहेच. पुढचं पातं तेवढं छाटून टाकलं की बंदूकच झाली. का हो शिवप्पा?"

शिवप्पाने खाली मान घालून म्हटले, "छाटायला काय, दोन घटकांचं काम. पर भट्टी?"

"भट्टीला खिडकी म्हणू. किल्ल्याची."

जमादारसाहेबांनी थोडा विचार केला. "चालेल. बंदूक करा आणि आणा. नाव शिपाई ज्ञानबा म्हणून घेऊ. एवढी सवलत मी माझ्या अधिकारात देतो." आणि जणू आमच्यावर मोठा प्रसाद केला अशा डौलाने ते निघून गेले.

वाचकांनीच विचार करावा. जमादारसाहेब ज्या परमुलखात लढले तेथे ते काय पायी चालत गेले होते? त्यांची पलटण, त्यांची काडतुसे, त्यांच्या रोट्यांचे पीठ, हे सर्व वाहून नेणारी आगबोट काय वाऱ्याने चालत होती? तिच्या तळाशी ज्यास दिवस आणि रात्र यांतील भेददेखील दिसत नव्हता असा कोणी काळा मनुष्य फावडे चालवीत होता, म्हणून जमादारसाहेब पैलतीरी पोचले, आणि आज बिल्ले लावून त्याच मनुष्यास ओळख दाखविण्यास तयार नाहीत. शत्रू मारला नाही म्हणे! जो कोणास न मारता मरतो त्याचे मरण हलके, हे कोणत्या शास्त्रात लिहिले आहे? मी त्या दिवशी फावडे परत गिरणीत नेताना ते रागाने असे खांद्यावर उगारून चाललो होतो की वाटेतील दोघे मला पाहून बाजूस झाले.

त्याच संध्याकाळी आण्णांनी भावकी बसविली. सर्वांचे मत एकच पडले. पाते छाटावे. आण्णा वहिनीस समजावू लागले, "सूनबाई, ऐक. माणूस महत्त्वाचा का फावडं? चौकात बसंल, सरकारात नाव लागंल. तुजी किती वर्सांची कुतरओढ मिटंल. लांबून कुणाला काय कळतंय, बंदूक हाय का फावडं?"

वहिनी उंबऱ्याआड होती. डोईचा पदर सावरून ती बाहेर आली. "मामंजी, लांबून कुणाला कळू नगा. पर ज्यांना बोलवायचं त्यांना कळाय पायजे का न्हाय?"

"म्हंजे?"

"बंदूक घेऊन पडलास, ये, अशी हाक घातली, तर ते मागं वळून बघतील. दुसऱ्या कुणाला तरी बोलावत्यात म्हणतील. त्यांनी बंदूक कदी हातात धरली न्हाय. मग तितं कोण येऊन बसंल? मी कुणाच्या नावानं तेल वाहू?"

 आण्णा चिडून म्हणाले, "मग ऱ्हा तशीच! न्हाय सधवा, न्हाय विधवा!"

"ऱ्हाते की," ती म्हणाली, आणि आत गेली. त्या रीतीचे एवढे मर्म आमच्यापैकी कोणाच्याही ध्यानी आले नव्हते, हे कबूल करणे भाग आहे.

दगड बसविण्याचा समारंभ एका सोमवारी सकाळी ठरला होता. वहिनीचा शब्द मोडून पाते छाटण्यास कोणी धजले नाही, म्हणून आम्ही आमचा दगड फावड्यासकट बैलगाडीत घालून नेला, आणि आण्णा व भावकीही नाखुशीने बरोबर आली. माझ्या मनात अशी आशा होती की, ऐन वेळी इतक्या लोकांसमोर तरी मंडळीस लाज वाटेल. चौकात कनाती लावल्या होत्या, बँड आणला होता. खुर्चीवर एक गोरे लष्करी साहेब बसले होते. आमच्यासाठी खणलेला खड्डा रिकामा दिसत होता. परंतु गाडी पाहताच जमादारसाहेब लगबगीने आले, गोणपाट उचलून त्यांनी दगड पाहिला, आणि ते दातओठ खाऊन म्हणाले, "सांगितलं होतं ना? न्या मागं. गाडी पुढं आली तर पोलिसात देईन."

बाकीचे दगड एकेक करून बसू लागले. ज्याचा त्याचा मनुष्य आपापल्या रीतीने नमस्कार करी, फुले वाही. शेवटचा दगड बसला आणि मजूर आमचा खड्डा बुजविण्यासाठी पाट्या घेऊन निघाले. ते पाहताच वहिनी गाडीवरून उतरली, कनातीची दोरी ओलांडून थेट खड्ड्यापाशी गेली. वस्तुतः हाक घालण्याचा मान माझा. मी तिच्यामागे धावलो. परंतु सर्व लोकांच्या नजरा माझ्याकडे वळल्या आणि मी हाक न घालता दोरीपाशीच थबकलो. तिने माझ्याकडे एकवार पाहिले. आमच्याकडे स्त्री नवऱ्याचे नाव मेल्यावरही घेत नाही. तिने घेतले, आणि बँड थांबलेला असल्यामुळे ते चौकाच्या टोकापर्यंत ऐकू गेले.

"ज्ञानबा! फावडं हातात घेऊन भट्टीम्होरं पडलास! पाण्यानं सिडी नेली! आता ये, हितं बस!"

कोणी 'आला' म्हटले नाही. आण्णा व भावकीची माणसे गाडीपाशीच उभी होती.

गोऱ्या साहेबाने जमादारसाहेबांकडे वळून इंग्रजीत काही विचारले. जमादारसाहेबांनी सलाम करून काही उत्तर दिले, आणि साहेब प्रसन्न मुद्रेने वहिनीकडे पाहून मान डोलवू लागला. मला इंग्रजी येत नाही. परंतु माझ्या शेजारी उभ्या असलेल्या हुसेनसाबांस बोटीवरील इंग्रजी येत होते. त्यांनी माझा दंड धरला. "येडूभाई, सुन्या क्या? साहेब पुछ्या, औरत क्या बोलती? तो ये बोल्या, सरकार का शुक्रिया बोलती!"

असे म्हणून ते माझा दंड सोडून सरळ खुर्चीपुढे जाऊन उभे राहिले. "नो सर! शी नो से थँक यू! शी कॉल हझबंड. हझबंड फायरमन. माय शिप, सर. माय शिप!"

साहेबाच्या चेहऱ्यावरची प्रसन्नता गेली. त्याने थोडे प्रश्न विचारले, हुसेनसाबांनी हातवारे करून उत्तरे दिली. शेवटी साहेब खांदे उडवून एवढेच बोलला, असे हुसेनसाबांनी मागून सांगितले, की व्यापारी बोटींचा मामला कंपनीकडे, त्याच्याशी लष्कराचा संबंध नाही. आणि घड्याळ पाहून मोटारीकडे चालू लागला. बस्स! एवढीच किंमत! दादांच्या मरणाचा मामला कोणत्या खात्यात पडतो हे ठरले आणि काम आटोपले. मला त्या साहेबाचा जितका संताप आला तितका स्वतःच्या मुलखातील त्या बिल्लेवाल्याचा आला नसता, जर नंतरचे संभाषण माझ्या कानी पडले नसते.

हुसेनसाबांनी मला सांगितलेले आण्णांच्याही कानी गेले होते, आणि ते काठी टेकीत पुढे आले होते. "जमादार, आमची सून काय बोलली, आन् तुमी काय सांगितलं?"

"अरे, साहेबापुढं फावडं अन् भट्टी शोभतं का? मी तुमचीच अब्रू राखली."

"आमची अब्रू तुमच्याकडं कवा ठेवली हुती?" आण्णांचा आवाज चढला. "आमच्या सुनंनं नवऱ्याचं नाव घेतलं! जे आमच्या हजार पिढ्यांत कुणी बाईनं केलं न्हाय, ते केलं! आन् तुमी त्याचं शुक्रिया केलं?"

"आण्णा, तूच परवा बंदूक करायला तयार होतास. आता मला शिकवतोस?"

"व्हय, हुतो तयार. मला वाटलं, दगडाचं टवकं उडंल, झालं. तुमी तर जित्या माणसाच्या तोंडातली हाक छाटली!" त्यांनी जमादाराकडे पाठ केली, वहिनीच्या पुढ्यात येऊन काठी जमिनीवर आपटली, आणि म्हाताऱ्या गळ्यात होता नव्हता तेवढा जोर आणून ओरडले, "आला! आमचा ज्ञानबा आला!"

तेव्हा भावकीतील एकेकाने 'आला, आला' म्हणत टोप्या काढल्या. हुसेनसाबही म्हणाले. वहिनी खड्ड्याच्या काठावर मटकन खाली बसली आणि इतक्या वर्षांनी मोकळ्या गळ्याने रडली. पोलीस येऊन उभे राहिले होते, तरी तिचे रडणे संपेपर्यंत त्यांनी आम्हांस हलविले नाही, हे त्यांच्या माणुसकीसाठी नमूद करतो. जमादारसाहेबांनी मात्र आमच्या देखत खड्डा बुजवून घेतला, आणि वरून माती चोपून घेतली.

गाडी परत होटगीच्या वाटेस लागली. आमच्या भावकीच्या माळावर जुन्या वीरांचे दगड आहेत. कोणाच्या हाती तलवार, कोणाच्या हाती भाला; सर्वांची तोंडे उगवतीकडे. त्यांच्या ओळीत दादांना बसविण्याची मनाई ज्या आण्णांनी केली होती, त्यांनीच तेथे पहिली कुदळ मारली. दगड खड्ड्यात उतरविला तेव्हा आण्णांनी विचारले, "सूनबाई, उगवतीकडंच ना?"

"न्हाय, मामंजी. सोलापूरकडं करा तोंड."

"अगं, समदे वीर उगवतीकडं बघत्यात. रीत हाय."

"ते आपल्या मरणानं मेले. त्यांच्या मरणाला कुणी न्हाय म्हणलं न्हाय." तिचे डोळे कोरडे होते, आणि कपाळ तिने वाटेतच ओढ्यावर धुतले होते. "ह्यांना त्या चौकाकडं बघत बसू द्या. तितल्या एकाला तरी कदी ह्या वाटंनं जावं लागंल. तवा त्यानं ह्यांच्या डोळ्याला डोळा लावून जावं."

 आण्णांनी आणि मी दगडास खांदा लावून तो फिरविला.